फणसाच्या पलीकडचा उपग्रह

कोकणातल्या घराचं सगळं लक्ष नैर्ऋत्येकडे असतं. पाऊस तिकडून येतो, वारा तिकडून येतो, मे संपता संपता पडवीला झापं बांधायची तीही त्याच अंगाला. आग्नेयेला काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्या काकूंच्या घराच्या आग्नेयेला फणस आहे. कापा नव्हे, बरका. म्हणजे खाणारे थोडे आणि तक्रार करणारे जास्त. त्या फणसाच्या पलीकडे, विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर, जीसॅट-15 नावाचा आपला एक उपग्रह आहे. 2015 च्या नोव्हेंबरात तो वर गेला. पूर्व रेखांश 93.5 ही त्याची ठरलेली जागा. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो हलतच नाही. फणस मात्र हलतो आणि दर पावसाळ्यात हातभर वाढतो.

काकूंचा टीव्ही बंद पडला तो मुळात फणसामुळे नव्हे, पैशांमुळे. कौलांवर एका खासगी कंपनीची छत्री होती, तिचं दरमहा रिचार्ज करावं लागे. 2019 मध्ये नियमच असा आला होता, की पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी नुसतं जोडणीचं भाडं 130 रुपये, कर धरून 153 रुपये 40 पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. काकू बघणार काय, तर सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, एखादं कीर्तन आणि दुपारी डोळा लागेपर्यंत काहीतरी हलतं-बोलतं. गॅस, रक्तदाबाच्या गोळ्या आणि विजेचं बिल या तिघांच्या रांगेत रिचार्ज नेहमी चौथा. एका महिन्यात तो रांगेतून बाहेरच पडला. "आभाळातनं येतंय ना ते? मग दर महिन्याला कुणाला द्यायचे पैसे?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. प्रश्न दिसतो तितका भाबडा नव्हता.

कारण येतं ते आभाळातूनच, आणि सगळ्यांच्याच घरावर येतं. पागोळी जशी प्रत्येक कौलाखाली गळते, मग खाली हंडा ठेवलेला असो वा नसो, तशाच या लहरी पैसे भरणाऱ्याच्या आणि न भरणाऱ्याच्या छपरावर सारख्याच पडत असतात. खासगी कंपन्या त्यांना कुलूप लावून पाठवतात, किल्लीचं भाडं घेतात. दूरदर्शनने 16 डिसेंबर 2004 रोजी सुरू केलेल्या डीटीएच सेवेला दरमहा भाडंच नाही. तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, 2014 पासून फ्री डिश, आणि ती येते फणसापलीकडच्या त्याच जीसॅट-15 वरून. छत्री आणि डबा एकदा घ्यायचा, पुढे रिचार्जचा प्रश्न नाही. छत्री तर काकूंच्या मालकीचीच होती, जोडणी घेताना पैसे मोजून घेतलेली. तेव्हा खर्च होता डब्याचा, छत्रीसमोर बसून लहर पकडणाऱ्या एलएनबीचा आणि थोड्या वायरीचा. काकूंनी मर्यादा घातली, जुना डबा चालला तरी चालेल पण हजाराच्या वर जायचं नाही. शिवाय शिडी शेजारून मागायची, भाड्याची आणायची नाही.

या घराला टीव्हीसाठी आभाळाकडे हात पसरायची सवय जुनी आहे. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला वरळीहून सुरू झालं, पण ते मुंबईचं. डोंगराच्या कुशीत, खाडीच्या वळणावर बसलेल्या आमच्या वाडीला त्याचा काय उपयोग? त्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या, डोंगर आडवा आला की संपलं. ऐंशीच्या दशकात जागोजागी छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तेव्हा लोकांनी वर सड्यावर बांबू रोवले, त्यांच्या टोकाला अँटेना बांधल्या आणि चपट्या वायरीची भेंडोळी उतरणीवरून घरापर्यंत सोडली. ॲल्युमिनियमच्या दांड्यांची ती रचना जपानच्या उदा आणि यागी या दोघांची, 1926 च्या सुमाराची. मागचा लांब दांडा लहर परतवतो, मधला दुमडलेला ती पकडतो, पुढचे आखूड दांडे तिला वाट दाखवतात. कावळे नेमके पुढच्या दांड्यांवर बसत. त्यांच्या वजनाने सगळा सांगाडा फिरला, की खाली पडद्यावर मुंग्या. मग कुणीतरी सड्यावर, कुणी मधल्या गडग्यापाशी, कुणी खिडकीत, आणि निरोप वरखाली: आलं का? आलं. गेलं. परत आण. रविवारी सकाळी 'रामायण' लागायच्या वेळी या निरोप्यांचा आवाज चढलेला असे. काकांची ती अँटेना अजून आहे. परसात उभी करून काकूंनी तिच्यावर पडवळाचा वेल चढवलाय.

उन्हाळ्यात मात्र कधी कधी समुद्राकडून भलतंच काही यायचं, असं जुनी माणसं सांगतात. अनोळखी भाषा, अनोळखी बातम्या. मला ते खोटं वाटत नाही. अरबी समुद्रावर कोरड्या दिवसांत गरम आणि थंड हवेचे थर असे बसतात, की लहर त्यांच्यामध्ये सापडून पाण्याच्या अंगाअंगाने दूर दूर जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या एका रडारला हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा कधी कधी दिसत असे, अशी नोंद आहे. मधला समुद्रच वायर झालेला.

तर ते दिवस गेले. जमिनीवरून येणारं ते जुनं प्रक्षेपणही दूरदर्शनने गेल्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणी थांबवलं. आता जे काही यायचं ते वरून.

मी गेलो तेव्हा ऑक्टोबर नुकता लागला होता. पाऊस ओसरला होता, चिऱ्याच्या भिंतींवर शेवाळ तसंच होतं. शेजारचा पोरगा कौलांवर चढला आणि छत्री उतरवून घेऊन आला. लोखंडी तबकडीच्या कडेला गंज होता, पण पोट शाबूत होतं. जुन्या एलएनबीच्या तोंडाशी कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं आणि वायर जिथे जोडतात तिथे तांब्यावर हिरवा थर आलेला. खाऱ्या हवेत हे व्हायचंच. वायर टोकाला सोलून बघितली तर आतली जाळी हातभर काळी पडलेली. तेवढी कापून टाकली, पुढची लखलखीत निघाली आणि नव्या वायरीचे पैसे वाचले. आखूड झालेली वायर आता कौलांपर्यंत पुरणार नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पण तिला कौलांपर्यंत जायचंच कशाला? "उंचावर लाव, उंचावर," असं काकू म्हणत होत्या, बांबूच्या काळातली माणसं ती. या छत्रीला उंची लागत नाही. तिला फक्त आभाळाचा एक मोकळा तुकडा लागतो, तो अंगणातून दिसत असेल तर छत्री अंगणातही चालते. आमच्या भागातून जीसॅट-15 आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे झुकून, क्षितिजापासून जवळजवळ 60 अंश वर आहे. म्हणजे चांगलाच उंच. आता प्रश्न इतकाच, की खळ्यात अशी कुठली जागा आहे, जिथून त्या दिशेला फणसाची फांदी आड येत नाही?

कामाला येणारी माणसं यासाठी मीटर आणतात आणि त्याचे पैसे लावतात. ऑक्टोबराच्या सुरुवातीला मात्र हे काम फुकटात होतं. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, सूर्य रोज काही मिनिटं बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. आमच्याकडे ही वेळ सकाळी अकराच्या आसपासची. त्या मिनिटांत टीव्हीचं चित्र फाटतं, कारण सूर्य स्वतःच सगळ्या लहरींमध्ये गोंगाट करत असतो. लोक वैतागतात, डब्याला थापट्या मारतात. पण छत्री बसवणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. त्या वेळी ज्या जागेवर ऊन पडलंय, तिथून उपग्रह दिसतो. ज्या जागेवर सावली, तिथून दिसत नाही. फणसाने आपला सगळा हिशोब खळ्यातल्या सारवणावर उतरवून ठेवलेला, पानापानासकट. आम्ही खडूने कड आखली.

काकू पायरीवर बसून बघत होत्या. "म्हणजे माझं खोबरं जिथे वाळतं, तिथे टीव्ही दिसतो," त्या म्हणाल्या.

मी याहून नेमकं सांगू शकलो नसतो. अडचण अशी, की सावलीच्या कडेबाहेर, वायर पोचेल अशी एकच जागा होती, विहिरीकडच्या कठड्याचा कोपरा, आणि ती खरोखरच खोबऱ्याची होती. वाटाघाटी झाल्या. छत्री कोपऱ्याला टेकून लावायची, तिची सावली वाळवणावर पडता कामा नये, आणि मे महिन्यात सोलं वाळत घालताना तिच्या दांड्याला दोरी बांधायची परवानगी हवी. शेवटचं कलम मी फेटाळलं. दोरीच्या ओढीने छत्री बोटभर जरी फिरली, तरी तिची नजर दुसऱ्याच उपग्रहावर जाते. आभाळात तिथे गर्दी आहे. 83, 88, 95, 108 अंश, सगळीकडे कुणी ना कुणी बसलेलं.

कठड्याच्या चिऱ्यात नळी रोवली. नळी ओळंब्यात हवी, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप खोटं पडतं. सुतळीला वजन म्हणून काकूंच्या अडकित्त्याने काम केलं. मग छत्री चढवली. ती पाहणाऱ्याला फसवते. तोंड समोरच्या माडाकडे, आणि प्रत्यक्षात बघत असते त्याच्या कितीतरी वर, कारण एलएनबी मधोमध नसते, खालच्या अंगाला असते, आणि लहर तिरकी येऊन तिथे गोळा होते. उन्हाचं तसंच. तबकडीला मुद्दाम मळकट, खडबडीत रंग देतात, एरवी एलएनबी वितळायची. तरी अकराच्या सुमाराला तिच्या तोंडावर फिकट उजेड जमा झाला आणि दिशा जवळपास लागल्याचं कळलं. एलएनबीची मानही कलती करावी लागली. उपग्रह आपल्या पूर्वेला पुष्कळ लांब, त्यामुळे त्याची उभी रेघ आपल्याला तिरकी झालेली दिसते.

टीव्ही उचलून ओटीच्या कडेला आणला होता, म्हणजे निरोपे लागणार नाहीत. डब्याच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात. पहिली, स्ट्रेंग्थची, लगेच भरते आणि माणसं हरखतात. तिच्यावर विश्वास ठेवू नये. एलएनबीला वायरीतून वीज पोचली एवढंच ती सांगते. खरी ती खालची, क्वालिटीची. ती बराच वेळ शून्यावर होती. पोरगा दहाचा पाना घेऊन छत्रीपाशी, मी पडद्यापाशी, आणि हलवणं केसाएवढं: हलव, थांब, परत. पट्टी एकदम वर गेली, तेव्हा त्याने पाना आवळला, आणि आवळताना छत्री जी किंचित सरकते तेवढी आधीच उलटी धरून ठेवली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सह्याद्री लागली. शेतीचा कार्यक्रम चालू होता, भातावरच्या तुडतुड्यांचा. काकूंनी चष्मा लावून तो पूर्ण पाहिला आणि मग म्हणाल्या, "आवाज आधीच्यापेक्षा बरा आहे." तो टीव्हीचाच होता, पण मी बोललो नाही.

जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. वायर खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून धावत आत न येता तिथेच गळून पडेल. पुढच्या जोरदार सरीत चित्र जाईल, ते मात्र जाणारच. इतक्या बारीक लहरी दाट पावसातून येताना विरतात, त्याला छत्री काही करू शकत नाही. पाऊस थांबला की येईल, हे काकूंना सांगितलं. त्यांना ते पटलं, पावसात काय काय जातं हे त्या जाणतात.

हिशोब हजाराच्या आत बसला. डबा तालुक्याच्या बाजारातून वापरलेला, एलएनबी नवी, पट्टी आणि सुतळी घरची. उरलेले पैसे काकूंनी परत घेतले, त्यांतून पोराला पन्नास दिले आणि वर दोन नारळ. मग मला आत बोलावून मार्कर हातात दिला. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, नवं वर्ष 1 एप्रिलपासून धरतात, आणि काही वाहिन्या जातात, काही येतात, क्रमांक बदलतात. तेव्हा डब्याला वाहिन्या पुन्हा शोधायला लावावं लागतं. हे मी बोलता बोलता सांगितलं होतं, त्यांनी लक्षात ठेवलं होतं. कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, कुठलं बटण आधी आणि कुठलं नंतर ते मी ओळीने लिहिलं. काकूंनी वाचून पाहिलं आणि 'ओके' खोडायला लावून तिथे 'मधलं गोल बटण' असं लिहून घेतलं.