टँकर, नळ आणि मत

सकाळी साडेसहाला सोसायटीच्या टाकीत टँकरचा पाइप सुटतो. वॉचमन पावतीवर सही करतो, महिनाअखेरीस मेंटेनन्समध्ये माझा वाटा येतो. पाण्यासाठी मी आजवर एकाही नगरसेवकाला फोन केलेला नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई फुलेनगर वस्तीतल्या. नगरसेवक, त्यांचा कार्यकर्ता आणि पाणी सोडणारा चावीवाला, तिघांचे नंबर त्यांना तोंडपाठ.

*

'मला राजकारणात रस नाही' हे मी लिफ्टमध्ये ऐकतो, नळावर कधी ऐकलं नाही. पाणी, शाळा, दवाखाना विकत घेता आलं की वॉर्डातलं राजकारण दिसेनासं होतं. उरतं ते दिल्लीचं, टीव्हीवरचं. त्यावर आम्ही रात्री अकरापर्यंत तावातावाने बोलतो. मला याची खंत वाटते.

*

पुण्यातलं वडगाव शेरी, आमचा विधानसभा मतदारसंघ. २००९ राष्ट्रवादी, २०१४ भाजप, २०१९ राष्ट्रवादी, २०२४ शरद पवारांची राष्ट्रवादी. सलग दोनदा कुणीच आमदार नाही. त्यातही २०२४ पाहण्यासारखं. मे महिन्यात लोकसभेला इथून भाजपच्या मुरलीधर मोहोळांना आघाडी. नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीचे सुनील टिंगरे पडले, बापूसाहेब पठारे आले. मतदारयादी जवळपास तीच. कारणं पुष्कळ असतील. पण दिल्लीसाठी बटण दाबताना माणसाला एक गोष्ट आठवते, दारापुढच्या रस्त्यासाठी दाबताना दुसरी, असं मला वाटतं.

*

दिघी-कळसच्या बाजूला निवृत्त फौजी बरेच. आमच्या मजल्यावरचे सुभेदारसाहेब उमेदवार कोण हे नंतर विचारतात, आधी पेन्शनचं. २०१५ ला 'वन रँक वन पेन्शन'चा आदेश निघाला तेव्हा त्यांनी मला जिन्यात उभं करून सगळा हिशेब समजावला होता.

*

वरच्या फ्लॅटमधली आयटीतली पोरं. राहणं इथे, यादीत नाव लातूरला, नांदेडला. इथल्या खड्ड्यात रोज आपटतात. जाब विचारायला हाती काही नाही.

*

२०१५ : संगमवाडी-विश्रांतवाडी बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग. बसने जाणाऱ्यांना रस्ता मिळाला, गाडीवाल्यांना वाटलं आपला गेला.

*

१ जानेवारी २०२१. भामा आसखेड धरणाच्या पाण्याच्या योजनेचं उद्घाटन. उपमुख्यमंत्री अजित पवार आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस एकाच व्यासपीठावर. पूर्व पुण्याला पाणी मिळणार म्हटल्यावर मागे राहणं कोणत्याच पक्षाला परवडणारं नव्हतं.

जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि १८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. आधी पाणी, मग सभागृह. फुलेनगरवरून बस जाते तेव्हा हा क्रम हटकून आठवतो.

*

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली, तरी निवडणूक झाली नव्हती. आमच्या सोसायटीच्या बैठकीत या विषयावर एक शब्द निघाला नाही. टँकर वेळेवर येत होता. ताई मात्र भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "दादा, आमच्याकडे दोन दिवस पाणी नाही. आता सांगायचं तरी कुणाला?"

मी गॅलरीत पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला, पण सांगण्यासारखं एकही नाव मला सुचलं नाही.