गिरणीचा धूर आणि शेवाळ

शेवाळ म्हणजे पाय घसरविणारी क्षुद्र वनस्पति, अशी आपली समजूत असते. परंतु स्फॅग्नम नामक शेवाळ आपल्या शुष्क वजनाच्या २० पटींपर्यंत पाणी धरून ठेवतें. इंग्लंडांत मँचेस्टरलगतच्या पेनाइन डोंगरांवरील दलदलींत तें हजारों वर्षें वाढलें. अर्धवट कुजून त्याचे जाड थर बनले. १९ व्या शतकांत गिरण्यांचा कोळसा पेटला. धुरांतील गंधकाम्लानें तें तेथून बहुतेक नाहींसें झालें व उघडे पडलेले थर पावसानें वाहूं लागले. १९५६ च्या कायद्यानंतर हवा निवळत गेली. आतां माणसें तेंच शेवाळ हातांनीं पुन्हा लावीत आहेत.

त्या गिरण्यांचें तलम कापड आमच्या आजोबांच्या पिढीनें हौसेनें नेसलें. स्वस्त वस्त्राचें उरलेलें मोल दूरच्या डोंगरानें चुकविलें, हें मुलानातवंडांस सांगावें, असें आम्हांस वाटतें.