हिरडा घाटघरचा, भिंत पेठेतली

जुन्नरहून घाटघरची एस. टी. पकडली की तीस-पस्तीस किलोमीटरचा प्रवास. आपटाळे मागे पडते, भाताची खाचरे लागतात आणि जीवधनचा कडा समोर उभा राहतो. भात-नाचणीच्या प्रात्यक्षिकांसाठी मी या वाटेने कितीदा गेलो असेन! उन्हाळ्यात इथे अंगणाअंगणात हिरडा वाळत पडलेला असतो. आज त्या हिरड्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण थोडी निराळी.

गावापुढे नाणेघाट. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढे. जुन्नरच्या लेण्यांत तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे आपल्या धान्याची पेठ किती जुनी, ते पाहा!

तो रांजण पाहायला आपण मुद्दाम जातो. पण बाजाराच्या गावांतली जुनी घरे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेली, त्यांच्याकडे कोण पाहतो? भिंतीला ओल आली की आपण म्हणतो, "पाडा आणि स्लॅब टाका."

मीही तेच करणार होतो. आमचे वडिलोपार्जित घर असेच पेठेतले. भिंती ओलसर दिसल्या म्हणून मी हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला. तिसऱ्या पावसाळ्यात त्याला फुगे आले, खपल्या पडल्या आणि भिंतीत घुसलेली तुळयांची टोके कुजली. शेतकऱ्यांना निचऱ्याचे महत्त्व सांगणारा मी, घराच्या भिंतीचा निचरा मात्र बंद करून बसलो!

कारण साधे आहे. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघून जाते. सिमेंट तिला आतच कोंडते. मग ओलीबरोबर आलेले क्षार विटा पोखरतात.

एका जुन्या गवंड्याने वाट दाखवली. सिमेंट हलक्या हाताने खरवडले. कळीचा चुना विरवून काही आठवडे पाण्याखाली मुरवला. विरताना तो उकळतो, म्हणून डोळे जपावेत आणि मुलांना दूर ठेवावे. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. त्यात कुटलेल्या हिरड्याचे आणि गुळाचे भिजवलेले पाणी. त्याने चुना चिवट होतो. पातळ थर दिले, प्रत्येक थर सावकाश वाळू दिला. तुळयांची फक्त कुजलेली टोके बदलली. काम पावसाळा सरल्यावर काढले. वेळ लागला, पण भिंत वाचली. तो हिरडा घाटघरचाच होता.

अशा घरांची कदर परदेशातही होते. मलेशियातल्या जॉर्ज टाउन आणि मलाक्का या व्यापारी गावांत अरुंद दर्शनाची, लांबच लांब घरे आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे आकाशाला उघडा चौक, पुढे छपराखालून पायवाट. २००८ मध्ये युनेस्कोने ही गावे जागतिक वारशात घेतली. तिथेही सिमेंट काढून चुना लावण्याचा आग्रह धरतात.

पण तिथला दुसरा धडाही घ्यावा. जुन्या घरांच्या भाड्यावर असलेले सरकारी बंधन २००० साली उठले. भाडी वाढली आणि पिढ्यान् पिढ्या राहिलेली कितीतरी कुटुंबे बाहेर पडली. पुढे पर्यटक आले. काही घरांत हॉटेले थाटली गेली. भिंती उजळल्या, पण चुली विझल्या.

म्हणून बंधूभगिनींनो, घर धोक्याचे झाले असेल तर जाणकाराला दाखवून निर्णय घ्या. जिवापेक्षा भिंत मोठी नाही. पण नुसत्या ओलीला भिऊन पहार उचलू नका. गावात चुन्याचे काम जाणणारा म्हातारा गवंडी असेल, तर त्याच्या हाताखाली एखादा तरुण द्या. आणि घर दुरुस्त झाल्यावर त्याला कुलूप लावू नका. खाली दुकान चालू द्या, वर चूल पेटू द्या.