नातीचं कॉलेज आणि आमचा घरचा हिशेब



बडोद्यातल्या मराठी घरांत दर मे-जूनमध्ये एक विषय हमखास निघतो. मुलांना इथेच महाराजा सयाजीराव विद्यापीठात घालायचं, की पुण्या-मुंबईला पाठवायचं? यंदा आमच्या घरी पाळी आली. नातीने गुजरात बोर्डातून बारावी कॉमर्स केलं, टक्के छान मिळाले. मी इथल्याच कॉमर्स फॅकल्टीचा, १९७१ चा बी.कॉम. पुढे ३८ वर्षं बँकेत काढली. त्यामुळे फॉर्म आणि माहितीपत्रकं माझ्या टेबलावर येऊन पडली.

मुलाच्या मनात पुण्याचं एक खासगी कॉलेज, बी.बी.ए.साठी. सूनबाईंचं कारण वेगळंच. म्हणाल्या, "बाबा, ही मैत्रिणींशी गुजराती बोलते, आमच्याशी अर्धं हिंदी. तीन वर्षं पुण्यात राहिली तर मराठी तरी पक्कं होईल."

यावर मला पटकन उत्तर सुचेना. माझे आजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारकुनीला आले, तेव्हापासून आम्ही इथले. भाषेची काळजी मलाही वाटते.

मी आधी नातीलाच जवळ बसवलं. "तुला वाचायला काय आवडतं गं?" ती म्हणाली, "आजोबा, जर्नल एन्ट्र्यांचा मला कंटाळा येतो. महागाई का वाढते, रिझर्व्ह बँक रेपो रेट का बदलते, ते वाचायला आवडतं." मुलाच्या यादीत कॉलेजं पाच होती, विषय एकच, आणि तो हिच्या आवडीचा नव्हता.

या तीन डिग्र्या बाहेरून सारख्या दिसतात, पण आत फरक आहे. बी.कॉम. म्हणजे हिशेब, ऑडिट, कर, कंपनी कायदा. सी.ए. करायचं असेल त्याला हे सोयीचं. बी.बी.ए.मध्ये मार्केटिंग, मनुष्यबळ, फायनान्स असं सगळं थोडं थोडं, आणि बरीच मुलं त्यानंतर एम.बी.ए.कडे वळतात. इकॉनॉमिक्समध्ये मात्र जसजसं वर जावं तसतसं गणित आणि स्टॅटिस्टिक्स वाढत जातं.

आणि इथेच अडचण होती. गुजरात बोर्डाच्या कॉमर्सला स्टॅटिस्टिक्स असतं, गणित बहुधा नसतं. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित लागतंच. म्हणजे बारावीनंतर आपण जे कॉलेज निवडतो, ते निम्मं अकरावीत विषय घेतानाच ठरून गेलेलं असतं. ज्यांची नातवंडं आता दहावीत आहेत त्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या बाहेरच्या मराठी मंडळींसाठी. महाराष्ट्रात २०२४ पासून बी.बी.ए.ला सी.ई.टी. सुरू झाली. तिथल्या प्रवेशांत दहावी-बारावी कुठून केली आणि डोमिसाइल कुठलं, ते बघतात. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठीभाषक मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, बडोदेकरांसाठी नाही. घरात गणपती बसवा, गुढी उभारा, कागदावर आपण परराज्यातलेच!

मुलगा म्हणाला, "बाबा, पैशाचं बघू, एज्युकेशन लोन घेऊ." मग मी कागद-पेन्सिल घेतली. फी, होस्टेल, मेस धरून वर्षाला ४ लाख, तीन वर्षांचे १२ लाख. व्याज १० टक्के धरलं. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. सरळ व्याजाने ते ३ लाख ६० हजार होतं. म्हणजे फेड सुरू होताना कर्ज १५ लाख ६० हजार, आणि दहा वर्षांसाठी हप्ता महिना साधारण २०,६०० रुपये. पहिल्या पगारातून हे गेल्यावर पोरीच्या हातात काय उरेल, ते मुलाने स्वतःच मोजलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

कर्ज वाईट नसतं. शैक्षणिक कर्जाच्या फाइलींवर मीही सह्या केल्या आहेत आणि त्या मुलांचं भलं झालेलं पाहिलं आहे. पण न आवडणाऱ्या विषयासाठी एवढा हप्ता कशाला?

शेवटी नातीनेच ठरवलं. इथेच बी.ए. इकॉनॉमिक्स. १८८१ चं बडोदा कॉलेज, पुढे १९४९ साली झालेलं हे विद्यापीठ, शिक्षण इंग्रजीतून, आणि घरून स्कूटीवर जाणं-येणं. राहिलेलं गणित ती संध्याकाळी शिकवणीला जाऊन भरून काढते आहे, कारण एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत ते लागणार. वाचलेले पैसे एम.ए.साठी बाजूला ठेवायचे. तेव्हा पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा फॉर्म भरायचा, असं तिचं म्हणणं आहे.

सूनबाईंची हळहळ अजून गेलेली नाही, आणि ती खोटीही नाही. त्यांनी रात्रीच्या जेवणाला फक्त मराठीत बोलायचा नियम काढला आहे. तो मोडणाऱ्याने भांडी घासायची. सध्या सगळ्यात जास्त भांडी माझा मुलगा घासतो आहे.

मंडळी, तुमच्याकडे इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावला मुलं काय निवडतात, ते जरूर लिहा. गणिताचं तिकडच्या बोर्डात कसं आहे, तेही सांगा. कुणाच्या तरी नातवंडाला उपयोग होईल.