कोण कशानं गेलं

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, रात्र चढते तशी एकेक सोंगं येऊ लागतात. आधी गणपती, मग शारदा, मग पुराणातले देव आणि राक्षस. टेंभ्यांचा उजेड, सांबळाचा ताल, डोक्याला घट्ट बांधलेला मुखवटा आणि त्यातून समोरचं दिसावं म्हणून ठेवलेली दोन बारीक भोकं. अमुक सोंग अमुक घराचं, हे बऱ्याच गावांत ठरलेलं असतं. आजोबांनी नाचवलं, बापानं नाचवलं, आता मुलगा नाचवतो. मुखवटा कुणाच्या घरी टांगलेला आहे, हे पाड्यावरचं पोरही सांगतं.

तेच आजोबा कशानं गेले असं विचारलं, की मात्र उत्तर अडखळतं. ‘पोटात दुखायचं.’ ‘सुकत गेला.’ ‘अन्न जाईना.’ एखादा म्हणतो, बाहेरचं होतं, भगतानंही हात टेकले. आणि एखाद्या घरात अगदी साध्या सुरात ऐकू येतं, ‘आमच्यात पोटानंच जातात.’ खरं तर हे वाक्य डॉक्टरच्या कानावर पडायला हवं. बहुतेक वेळा ते ओट्यावरच विरतं.

अमेरिकेत १८९५ साली असं एक वाक्य विरलं नाही. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथल्या विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन हे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी पॉलिन ग्रॉस एकदा उदास दिसली, म्हणून त्यांनी चौकशी केली. ती म्हणाली, मी लवकर मरणार. आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात. वॉर्थिननी तिचं बोलणं मनावर घेतलं. नातेवाइकांची माहिती जमवली, वंशवृक्ष मांडला आणि १९१३ साली तो प्रसिद्ध केला. पॉलिन पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. १९६६ साली ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी अशी आणखी दोन घराणी जगापुढे ठेवली, तेव्हाही कॅन्सर वंशातून येतो हे मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. आज या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. पॉलिनच्या घराण्यातला नेमका बिघाड सापडला २००० साली, एमएसएच२ नावाच्या जनुकात. शिवणकाम करणाऱ्या बाईनं घरातल्या मयतांवरून जे ओळखलं होतं, त्यावर प्रयोगशाळेची मोहोर उठायला १०५ वर्षं लागली.

हा बिघाड समजायला अवघड नाही. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. दर नव्या पेशीसाठी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची पोथी पुन्हा उतरवावी लागते, आणि उतरवताना चुका होतातच. त्या शोधून दुरुस्त करणारी मुद्रितशोधकांची एक तुकडी शरीरात असते. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही जनुकं तिची मुख्य माणसं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत जन्मतःच नासकी असली तरी दुसरीवर काम निभावतं. एखाद्या पेशीत तीही नासली, की चुकांवर चुका साचत जातात. साधारण माणसात आतड्यातला मांसाचा कोंब, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात, कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं घेतो. या घराण्यांत तेच एक-दोन-तीन वर्षांत घडू शकतं.

दोष आई किंवा बाप, कुणाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. ज्याला मिळाला नाही, त्याच्या पुढच्या पिढ्या त्यातून सुटल्या. एमएलएच१ किंवा एमएसएच२ बिघडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पंचाहत्तरीपर्यंत आतड्याचा कॅन्सर गाठतो. बायकांना गर्भाशयाचाही मोठा धोका असतो. सुमारे तीनशे माणसांत एकाच्या अंगात हा वारसा असतो, असा अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

जव्हार-मोखाड्यात तो पत्ता लागणं आणखी अवघड, आणि त्याची कारणं इथल्या जगण्यातच आहेत. लिंच सिंड्रोममधला कॅन्सर बरेचदा आतड्याच्या उजव्या बाजूला होतो. तिथून रक्त थेंबाथेंबानं जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. माणूस फिकट पडतो, चढण चढताना धापा टाकतो. पण या डोंगरात फिकट माणसं किती! कुपोषण आहे, जंत आहेत, सिकलसेल आहे, बायकांच्या अंगात लोह नाही. इथल्या कुठल्याही डॉक्टरसमोर रोज बसणाऱ्या रांगेत आतड्यातून झिरपणाऱ्या रक्तानं फिकटलेला एखादा वेगळा कसा कळावा? आणि रक्त दिसलंच तर शब्द तयार असतो, मूळव्याध. झाडपाला होतो, दिवस जातात.

शिवाय माणूस इथे वर्षभर नसतोच. दिवाळी झाली की घरंच्या घरं ‘जगायला’ जातात, भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. ‘जगायला जाणं’ हा इथला शब्द कानावर पडला की पोटात कालवतं. भट्टीवर दुखणं उपटलं तर सहा महिने अंगावर काढायचं, पावसाच्या तोंडाशी गावी परतायचं. तोवर कोंबाची गाठ झालेली असते.

नागली-वरई खाणाऱ्याला आतड्याचा कॅन्सर कसा होईल, असंही कुणी म्हणेल. भारतात हा आजार युरोप-अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी आहे, हे खरंच. पण वारशानं आलेला धोका भाकरीनं फिटत नाही. इंग्लंडच्या जॉन बर्न यांनी लिंच सिंड्रोम असलेल्यांना सहज न पचणारा स्टार्च देऊन पाहिला. आतड्याच्या कॅन्सरमध्ये फरक पडला नाही. त्याच चाचणीत दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांना मात्र काही वर्षांनी फायदा दिसला. तरी ती गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, आणि ती तपासणीची जागाही घेत नाही.

तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी, गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहणं. विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी, उतारवयापर्यंत. कोंब दिसला की तिथेच काढून टाकतात. फिनलंडमध्ये अशा घराण्यांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दर तीन वर्षांनी तपासलेल्या १३३ जणांपैकी ८ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला आणि त्यानं एकही दगावला नाही. न तपासलेल्या ११९ जणांपैकी १९ जणांना झाला आणि ९ जण गेले.

या तपासणीची आदली रात्र मात्र जवळून पाहायला हवी. आतडं धुऊन निघावं म्हणून औषध कालवलेलं दोन ते चार लिटर पाणी ठरल्या वेळात प्यायचं. खारट, तेलकट, घशाशी येणारं. तासाभरात पोटात खळबळ सुरू होते, मग दहा-पंधरा वेळा जावं लागतं, शेवटी नुसतं पिवळसर पाणी पडेपर्यंत. शहरातल्या फ्लॅटमध्येही ही रात्र सोपी नसते. मोखाड्याच्या ज्या पाड्यावर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरावं लागतं, तिथे चार लिटर स्वच्छ पाणी एकाच माणसाच्या पोटात आणि त्याहून जास्त शौचाला लागणार. रात्री अंधारात, कंदील घेऊन. पहाटे एसटी गाठायची. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर, घाटाचा रस्ता, आणि पोटाचा भरवसा नाही. सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. तपासणीच्या गावी आदल्या रात्री राहण्याची सोय नसेल, तर दर एक-दोन वर्षांनी येण्याचा सल्ला कागदावरच राहतो.

दक्षिण आफ्रिकेनं ही अडचण उलटी करून सोडवली. नॉर्दर्न केपच्या ओसाड भागात एमएलएच१चा एकच बिघाड अनेक घराण्यांत आढळतो. केप टाउनहून डॉक्टरांचं पथक दुर्बिणी घेऊन तिथल्या लहान रुग्णालयांत जातं आणि धोका असलेल्या नातेवाइकांना जवळच तपासतं. आपल्याकडेही असं काही अशक्य नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते स्वतः फिरले. रुग्णालयात न आलेला रुग्ण त्यांनी गावात जाऊन शोधला, लोकांना लक्षणं समजावली, कोण कशानं गेलं ते लिहून घेतलं.

जव्हार-मोखाड्याला वंशातल्या आजारासाठी दारात येणारा माणूस नवा नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांना तपासायचं उद्दिष्ट त्यानं ठेवलं. आई-बापाकडून रक्तात काय येतं, दोन वाहकांनी लग्न केलं तर काय होतं, हे आशाताई आज पाड्यावर समजावतात. मात्र तीस वर्षांपुढच्यांच्या सरकारी कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच येतं. त्या तपासणीसाठी भरायच्या अर्जातला घराण्याबद्दलचा प्रश्न रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा असतो. त्यात ‘कुणाला कॅन्सर?’ एवढे दोन शब्द वाढवायला काय लागतं?

भीती आहे, ती खोटी नाही. पोरीची सोयरीक मोडेल, देज ठरताना चारचौघांत बोललं जाईल, पंचविशीतल्या मुलाला बापाच्या वयाचा आकडा रोज मोजत बसावं लागेल. पण घराण्यातल्या एका रुग्णाचा बिघाड एकदा नक्की झाला, की बाकीच्यांना एवढंच कळायचं राहतं की तो आपल्यात आहे की नाही. त्याला थोडं रक्त पुरतं. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी असा सल्ला आणि तपासणी मिळते. भावंडांतली साधारण निम्मी त्या दिवशी कायमची मोकळी होतात, आणि उरलेल्यांना निदान कुठे पाहायचं ते कळतं.

अशी घराणी ओळखण्याचा डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे, १९९०च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये ठरलेला. आतड्याच्या कॅन्सरचे तीन नातेवाईक, दोन पिढ्या, आणि त्यांतला एक तरी पन्नाशीच्या आतला. जव्हारच्या घरात हे तीन मोजताना एक मोठी गफलत होते. मोजणी आडनावाच्या आत होते. मामा पोटानं गेला तो दुसऱ्या कुळातला, मावशी तिच्या सासरच्या गावी गेली, म्हणून ती धरलीच जात नाहीत. मुखवटा बापाकडून येतो. हा दोष आईकडूनही तितकाच येतो.

बोहाड्यासाठी भट्टीवरची माणसं गावी आलेली असतात, लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात. वर्षात एवढं घर एका अंगणात क्वचितच जमतं. तेव्हा घरातल्या म्हातारीजवळ बसून विचारलं, तर ती साल सांगत नाही. ती बोटांवर मोजत सांगते: थोरला भाऊ लावणीत गेला, तेव्हा धाकटी पाठीशी बांधलेली होती; बहीण गेली ती आमच्या घराचा कूड नवा घातला त्या उन्हाळ्यात. धाकटीचं वय आज काय, कूड कधी घातला, हे जुळवत गेलं की मेलेल्याचं वय निघतं. बेचाळीस. एकोणचाळीस. वहीच्या पानावर नावासमोर तो आकडा लिहिला जातो आणि म्हातारी पुढच्या बोटावर अंगठा ठेवते.