जागे करणारा

मला सफाईचे वेड आहे. जुनी पावत्या-तिकिटे, रिकाम्या बाटल्या, तुटक्या छत्र्या घरात पडलेल्या मला पाहवत नाहीत. गेल्या दिवाळीत हे वेड माझ्या जुन्या संगणकापर्यंत पोहोचले, आणि त्याची जी शिक्षा मला मिळाली तिच्यामुळेच एका अबोल सेवकाशी माझी ओळख झाली.

त्या यंत्रात दोन बिऱ्हाडे होती. एक विंडोजचे, दुसरे लिनक्सचे. दुसरे माझ्या भाच्याने थाटले होते, आणि तो परगावी गेल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हते. पहिल्यात माझ्या वडिलांच्या आठवणी होत्या. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत एका बोटाने अक्षर अक्षर दाबून त्यांनी त्या लिहिल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती. मी ते ओसाड बिऱ्हाड पुसून टाकले आणि समाधानाने झोपी गेलो. सकाळी यंत्र सुरू करतो तो काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे दोनच शब्द! पुढे काही येईना. माझ्या पोटात धस्स झाले.

भाचा फोनवर म्हणाला, “मामा, आजोबांचं लिखाण जागच्या जागी आहे. यंत्राला जागं करणारा होता, त्याला तुम्ही पुसलंत.”

हा जागे करणारा म्हणजे ग्रब. यंत्राला वीज मिळते तेव्हा त्याची स्मृती कोरी असते. माझ्यासारख्या जुन्या यंत्रात मूळची एक छोटी आज्ञावली तबकडीचा पहिला कप्पा तेवढा वाचते. हा कप्पा अवघ्या ५१२ बाइटांचा; त्यातही आज्ञांना जागा जास्तीत जास्त ४४६ बाइटांची. एवढ्याशा जागेत काय मावणार? म्हणून तिथला तुकडा पुढच्या तुकड्याला हाक मारतो, तो त्याहून मोठ्या भागाला शोधतो, आणि अखेर यंत्रणेचा गाभा स्मृतीत आणून ठेवला जातो. माझ्या यंत्रात पहिले तुकडे शाबूत होते. उरलेला भाग मी पुसलेल्या बिऱ्हाडात होता. ते बिचारे आपल्याच हरवलेल्या अंगाला शोधीत थांबले होते!

१९९५ साली एरिक बोलिन यांना ‘हर्ड’ नावाची नवी यंत्रणा सुरू करावयाची होती. प्रत्येक यंत्रणेचा जागे करणारा निराळा, आणि एकाची हाक दुसरीला कळत नसे. म्हणून सर्वांना समजेल अशी एक सामाईक रीत ठरविण्यात आली. ती रीत एका जुन्या आज्ञावलीला शिकविण्याचा प्रयत्न त्यांनी प्रथम केला. पण त्यापेक्षा नवी लिहिणेच सोपे, असे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. १९९९ मध्ये ग्रब हा ग्नू प्रकल्पाचा अधिकृत भाग झाला. त्याची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. त्याच्या आधीचा ‘लिलो’ गाभ्याची तबकडीवरील जागा पाठ करून ठेवी. गाभा बदलला की त्याला पुन्हा पढवावे लागे. ग्रबला मात्र तबकडीवरील मांडणी स्वतः वाचता येते. पाठांतर आणि साक्षरता यांत जो फरक, तोच या दोघांत!

मला आपल्या संगीत नाटकांतला सूत्रधार आठवला. नांदी होते, नटीशी दोन शब्द होतात, आणि नाटक मार्गी लागले की तो विंगेत जातो. टाळ्या नायकाला मिळतात. पण सूत्रधाराचे नमन निदान प्रेक्षक ऐकतात तरी; ग्रबच्या वाट्याला आपली अधीरताच येते. आणि घरोघरी पहाटे उठून इतरांना उठविणाऱ्या माणसांच्या वाट्याला तरी दुसरे काय येते? आमच्या घरी ते काम वडिलांचे होते. त्यांची हाक मला त्या वेळी कटकट वाटे.

रविवारी भाचा आला. रिकाम्या जागेत त्याने लिनक्स आणि ग्रब पुन्हा बसविले. काळ्या पडद्यावर दोन नावांची यादी उमटली. विंडोज निवडले, आणि वडिलांचे लिखाण उघडले. प्रथम मी त्याच्या दोन प्रती करविल्या.

“मामा, ही यादी दिसायची बंद करू का?” भाच्याने विचारले. “रोजचे दहा सेकंद वाचतील.”

“राहू दे,” मी म्हटले.