वूफरची कड

जुन्या स्पीकरवर तबला लावला, की डग्ग्याचा घुमारा यायच्या जागी फाटक्या कागदासारखी फरफर ऐकू येते आणि घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘वूफर गेला, नवा टाका.’ माझं म्हणणं असं, की अशा स्पीकरमधला वूफर बऱ्याचदा गेलेला नसतोच. गेलेली असते ती त्याची कड. जाळी काढून उजेडात बघावं. कागदी कोन शाबूत असतो, मागचं मॅग्नेट तर आणखी कित्येक वर्षं तसंच राहील. पण कोनाला धातूच्या चौकटीशी जोडणारं फोमचं कडं बोट लावताच काळा, चिकट भुगा होऊन हाताला येतं. १९७०च्या दशकापासून कितीतरी कंपन्यांनी हे पॉलियुरेथेन फोम वापरलं, कारण ते हलकं आणि लवचिक. मात्र हवेतला ओलावा त्याचे रासायनिक बंध हळूहळू तोडत राहतो. पंधरा-वीस वर्षांत ते विरतं, स्पीकर रोज वाजवा नाहीतर कपाटात झाकून ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याला तेवढीही वर्षं मिळतील असं नाही.

अर्थात दोष कडेचाच आहे याची आधी खात्री करावी. ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल कराव्यात. फरफर दुसऱ्या खोक्यात गेली, तर वूफर निर्दोष आहे. ती जागची हलली नाही, तर वूफरची वायर सोडवून मल्टिमीटर लावावा. आठ ओहमच्या वूफरची कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, साधारण सहा-सात ओहम दाखवते. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. कॉइल शाबूत असेल, तर मग दोन्ही हातांची बोटं कोनावर सारख्या अंतरावर ठेवून तो अगदी हलके, सरळ आत दाबावा. कॉइल ज्या फटीत पुढे-मागे सरकते तिथे दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा अंशच मोकळा असतो. खरखर आली तर ती घासते आहे; कोन मुकाट आत-बाहेर झाला तर वूफर वाचवण्याजोगा आहे.

‘एवढा खटाटोप कशाला? आठ इंची काढा, आठ इंची बसवा,’ हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण इंच म्हणजे फक्त भोकाचं माप. १९५४मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने दाखवून दिलं, की बंद खोक्यातली हवाच कोनाची स्प्रिंग होऊ शकते; म्हणजे वूफर आणि खोकं मिळून एकच वाद्य. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी हे नातं आकड्यांत बांधलं. कोनाचं वजन, कडेचा ताठपणा, मॅग्नेटची ताकद यांतलं काहीही बदललं, की त्याच खोक्यातला खर्ज एकतर बोदा होतो नाहीतर कोरडा पडतो. खर्ज आणि वरचे सूर वेगळे करून देणारा क्रॉसओव्हरही जुन्याच वूफरच्या हिशेबाने बांधलेला असतो. आज चांगले वूफर मिळतात हे खरंच. पण ते या पेटीसाठी जन्मलेले नसतात. कॉइल जळली असेल तर मात्र कड बदलून काही साधत नाही. तेव्हा त्याच मॉडेलचा वूफर शोधावा, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात चौकशी करून जाणत्या कारागिराकडून नवी कॉइल भरून घ्यावी.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: फोम पुन्हा विरणारच, मग रबर का लावू नये? रबर टिकतं, यात वाद नाही. पण ते जड असतं, आणि फोमसाठी बेतलेल्या कोनाला ते लावलं की त्याची मूळ कंपनसंख्या सरकते, म्हणजे जो आवाज वाचवायला निघालो तोच बदलतो. फोमच्या जागी फोमच, त्याच मापाचं आणि तितकंच मऊ लावावं. आणखी पंधरा वर्षांनी पुन्हा बदलावं लागेल, हे मला त्या आवाजाच्या मानाने फार वाटत नाही. जुना गोंद खरवडून काढावा, मधली टोपी अलगद कापून कॉइलच्या आतल्या फटीत प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवाव्यात, म्हणजे गोंद सुकेपर्यंत कोन नेमका मध्यावर राहतो. घाई नडते ती इथेच. एका वूफरची कड गेली असेल तर जोडीच्या वूफरचीही त्याच वयाची असते, म्हणून दोन्ही एकदमच कराव्यात. परत जोडताना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघावा: अधिकला अधिक लागलं की दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक पुढे आणि दुसरा मागे गेला, तर दोन्ही वूफर ठणठणीत असूनही खोलीत खर्ज उरत नाही.